सावळ्या दोन वर्षं मेला नाही

मखमलाबाद, नाशिक
१८ नोव्हेंबर २०२३

आप्पांना हर्षलचा नमस्कार.

तुम्ही मला बघितलेलं नाही. मी तुमच्या चुलतभावाचा, दत्तूचा, धाकटा मुलगा. आधी पत्रं वडील लिहायचे. आता त्यांचा हात थरथरतो, म्हणून भागुबाई आत्याने, म्हणजे तुमच्या आक्काने, काम माझ्यावर टाकलं, कारण घरात रिकामा मीच. अगदीच रिकामा नाही म्हणा. मागच्या महिन्यापर्यंत गंगापूर रोडला मोबाइलच्या काचा बसवत होतो, पण तिथल्या स्टुलाला पाठ नव्हती. बारावी एकदा दिली. दुसऱ्यांदा द्यायला निघालो तर वाटेत मित्र भेटला आणि आम्ही वणीच्या गडावर गेलो. ते राहू द्या.

मी आत्याला म्हटलं, फोन करू, समोर तोंड दिसतं. ती म्हणाली, त्याचा एक कान गेलाय, मी ओरडते, तो हो हो करतो, आणि काय ठरलं ते दोघांनाही कळत नाही. शिवाय कागदावर अक्षर आलं की हात चालतोय हे समजतं. म्हणून पत्र.

निरोप तिच्याच शब्दांत देतो. मी जरा सौम्य करणार होतो, पण तिने परत वाचून घेतलं. "सावळ्या दोन वर्षं झाली मेला नाय. त्याला विचार, काय चाललंय काय तुझं?"

मला यातलं काही माहीत नव्हतं, त्यामुळे मी हसलो, आणि तिने ओलं गोणपाट माझ्या पाठीत घातलं. मग वडिलांनी सांगितलं. तुमच्या सिनेमाची पहिली कॅसेट इथं आली तेव्हा शेजारच्यांकडे व्हीसीआर होता. त्यात तुम्ही किराणा दुकानात गल्ल्यावर उभे, चोर येतो, गोळी घालतो, संपलं. आत्याने असा हंबरडा फोडला की सगळी आळी गोळा झाली. पुढच्या महिन्यात तुमचं पत्र आलं, की ते मरण बघून अजून तीन कामं मिळाली आणि पोटाचं जे दुखणं होतं तेही साधंच निघालं. आत्याने तिथंच ओळखलं. आपल्याकडे कावळा डोक्याला शिवला तर तो माणूस गेल्याचं खोटंच कळवतात, नातेवाईक खरं समजून रडतात, आणि आलेलं संकट टळतं. आत्या म्हणते, आमच्या सावळ्याला कावळा कशाला पाहिजे, तो स्वतःच मरून दाखवतो. तेव्हापासून तुम्ही मेलात की ती टीव्हीसमोर मन लावून रडते, अंघोळ करते आणि शिरा करते. मी लहानपणी तो शिरा पोटभर खाल्लाय. कशाचा आहे हे कधी विचारलं नाही.

आता दोन वर्षं शिरा नाही. भाऊबीजेला तिने नेहमीसारखं तुमच्या नावाने चंद्राला ओवाळलं, पण घरात येताना म्हणाली, चंद्राचा काय भरवसा, परवा अवसेला गायब होता.

मित्रांना सांगितलं की आमचे आप्पा अमेरिकेत कॅरेक्टर ॲक्टर आहेत. एक म्हणाला, कॅरेक्टर चांगलं आहे ना पण? आत्याने लांबून ऐकलं आणि म्हणाली, लय चांगलं हाय, लहानपणापासून. तर तुम्ही तिथं नक्की काय करता ते जमलं तर लिहा. मला इथं कुणी नीट सांगत नाही.

आत्या ओरडते आहे, "हर्षल, पाणी मार, गप्पा नको मारू." पत्र लिहिणं तिच्या लेखी गप्पाच. झेंडूचे क्रेट संध्याकाळी फुलबाजारात जायचेत. थांबतो.

हर्षल


बरबँक, कॅलिफोर्निया
८ डिसेंबर २०२३

चि. हर्षल, आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा मनात वाचलं आणि तिसऱ्यांदा मोठ्याने, कारण या घरात मराठी ऐकायला आता मीच उरलो आहे. माझं मराठी शहात्तर साली नाशिक सोडलं तेव्हाचं आहे. त्यानंतर त्यात भर पडलेली नाही, तेव्हा जुनं वाटलं तर सांभाळून घे.

आक्काला सांग, मरायलासुद्धा काम मिळावं लागतं. आधी करोना आला, मग माझं वय आलं, मग आम्हा नटांचा संप झाला. मी या उन्हाळ्यात फलक घेऊन स्टुडिओच्या दारासमोर येरझारा घालत होतो. संपात कुणालाही मरता येत नाही.

मी इथं द्राक्षाच्या वेलींचा अभ्यास करायला फ्रेस्नोला आलो होतो. कॉलेजच्या नाटकात चहाचा ट्रे घेऊन येऊन अडखळून पडणारा नोकर हवा होता. मी असा पडलो की लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेली तिथंच राहिल्या. लॉस एंजेलिसला आलो तर एजंटला 'विधाते' म्हणता येईना, त्याने 'विडाल' केलं. सॅम विडाल. त्यामुळे मला मेक्सिकन समजून बोलवायचे, मग इटालियन, मग लेबनॉनचा. कितीतरी वर्षं मी स्पॅनिश आडनावाने इंग्रजी बोलणारा मखमलाबादचा माणूस होतो.

काय केलं विचारतोस. टॅक्सी चालवली, मोटेलच्या किल्ल्या दिल्या, हुकूमशहाचा स्वयंपाकी झालो, चष्मा काढून मान हलवणारा डॉक्टर तर इतक्या वेळा झालो की खऱ्या दवाखान्यात एका बाईने मला रिपोर्ट दाखवला. कॅरेक्टर ॲक्टर म्हणजे ज्याला लोक रस्त्यात थांबवतात आणि विचारतात, तुम्ही आमच्या मुलीचे दंतवैद्य का? चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव कुणालाच माहीत नाही. शेवटी पाट्या येतात त्यातही मी 'दुकानदार' किंवा 'दुसरा माणूस' असतो. डावा कान एका बँकेच्या दरोड्यात गेला. बंदूक खोटी होती, आवाज खरा होता.

एक गोष्ट आक्काला कधी सांगितली नाही. लहानपणी झोपलो की माझा उजवा अंगठा मुठीत आत जायचा. पडद्यावर मरून पडताना मी मुद्दाम तो तसा मुडपतो. ती बघणार हे माहीत असायचं. तिला कळावं की नुसता झोपलोय.

आता बातमी. येत्या उन्हाळ्यात एक मालिका सुरू होते आहे, एका गल्लीतल्या माणसांची. त्यात मी फुलवाला. त्याला नाव आहे, दामोदर. आणि तो मरत नाही. लेखिकेला मी दोनदा विचारलं, म्हणाली, शेवटच्या भागापर्यंत दुकान उघडं आहे. हर्षल, इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा नाव मिळालं आहे, आणि पुढच्या आठवड्यातही जिवंत राहायचं आहे. मला हे काम फार करायचंय. आक्काला जरा बेताने सांग.

तुझा
सावळीरामआप्पा


त्र्यंबकेश्वर
२ जानेवारी २०२४

आप्पांना नमस्कार.

पत्त्यावरून घोटाळा करून घेऊ नका. इथं देवळाजवळ एका हार-बेलाच्या दुकानात मदतीला आलोय. दोन दिवसांसाठी आलो होतो, दोन आठवडे झाले. काल एका गृहस्थांच्या चपला हरवल्या म्हणून त्यांच्यासोबत अर्धं गाव फिरलो. चपला सापडल्या नाहीत, पण त्यांचं नांदेडला रोपांचं दुकान आहे आणि कधीही या म्हणाले.

तुमचं पत्र मी रविवारी घरी जाऊन आत्याला वाचून दाखवलं. अंगठ्यापाशी आलो तेव्हा ती शेवंती खुडत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत हाय मला. पहिल्या कॅसेटपासून." मी विचारलं, मग रडायचीस कशाला? म्हणाली, अंगठा बघूनच तर रडायला यायचं.

दामोदरचं बेताने सांगितलं. म्हणजे बेताने सांगणार होतो, पण तोंडातून निघून गेलं. आत्या खुडायची थांबली. "जगणार? आणि मग रडायचं कुणी?" मी म्हटलं, आत्या, आप्पांना पहिल्यांदा नाव मिळालंय. ती म्हणाली, नाव आमच्या बापाने दिलं होतं की, चांगलं सावळीराम, त्यानेच तिथं जाऊन टाकलं. मग शेवंतीच्या कळ्या पण खुडून टाकल्या. रागावली नाही, आप्पा, घाबरलीय. तिच्या मनात पक्कं आहे की तुम्हाला आजवर या मरण्यांनीच तारलं, आणि आता सत्तरी ओलांडल्यावर तुम्ही ते बंद करताय.

संध्याकाळी तिने तडजोड सांगितली. फुलवाला करायचा तर कर. पण त्याआधी, मधल्या वेळात, एक छोटंसं मरण बघ. लहान असलं तरी चालेल.

तुम्ही पडून दाखवलंत आणि वेली सोडल्यात, ते मी इथं दुकानात सगळ्यांना सांगितलं. मला ते लय आवडलं. मी पण बरंच काही सोडलंय, फक्त टाळ्या राहिल्यात.

हर्षल


बरबँक
२३ जानेवारी २०२४

चि. हर्षल,

आक्काचा शब्द लागू पडला. मधल्या वेळात एक काम आलं आहे. पेशंटचं.

मोठं हॉस्पिटल आहे, सगळं अगदी खऱ्यासारखं. वीस फेब्रुवारीला, मंगळवारी पहाटे हजर व्हायचं. संवाद नाहीत. डोळे मिटून टेबलावर पडून राहायचं आणि बाकीची मंडळी भोवती उभी राहून काम करणार. इतके लोक माझ्याभोवती आजवर कुठल्याच सेटवर जमले नव्हते. आदल्या रात्रीपासून पोटात काही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. बोटातली अंगठी काढून ठेवायला सांगितली आहे. कागदांवर सह्या बऱ्याच आहेत, त्यासाठी तृप्ती सिॲटलहून येणार आहे. माझी मुलगी कामावर कधी आली नव्हती, या वेळी येते म्हणाली.

यात मरतो का, असं आक्का विचारेल. मीही विचारलं. शक्यता फार कमी आहे म्हणाले, पण लेखी कुणी देत नाही.

हे झालं की दोन-तीन महिने विश्रांती आणि मग दामोदर. मालिकेच्या लोकांना मी कळवलंय, ते थांबतो म्हणालेत. म्हणजे थांबतील असं वाटतंय.

आक्काला फार खोलात जाऊन सांगू नकोस. काम मिळालंय एवढं सांग.

तुझा
आप्पा


मखमलाबाद
९ फेब्रुवारी २०२४

आप्पांना नमस्कार.

घाईत लिहितोय, एका टेम्पोवाल्यासोबत नांदगावला जायचंय, माल भरला की हॉर्न वाजवेल. त्याच्या टेम्पोचा हॉर्न म्हशीसारखा आहे, खरंच, रस्त्यात म्हशी वळून बघतात.

पेशंटच्या कामाबद्दल अभिनंदन. उपाशी राहून ॲक्टिंग करायची म्हणजे मानलं तुम्हाला. इथले हिरो दोन वडापाव खाऊन भुकेचा सीन करतात. तुम्ही खोलात सांगू नको म्हणालात, पण आत्याने सगळं वाचायला लावलं. उपाशी राहण्याचं दोनदा वाचायला लावलं. अंगठीचं पण. मग तारीख विचारली, आणि तिकडं पहाट म्हणजे इथं काय वेळ, ते विचारलं. मी म्हटलं, संध्याकाळ. मग ती उठली आणि ज्या वाफ्याला सकाळी पाणी दिलं होतं त्यालाच परत पाणी द्यायला लागली. वय झालंय, विसरते.

जाताना निरोप दिला, तो जसाच्या तसा. "म्हणावं, या वेळी दणकून मर. अर्धवट नको. आम्ही इथं रडायचं बघतो."

बघा, आली ना लाईनवर. आता तुमचा फुलवाला खुशाल जगू दे.

हॉर्न वाजला.

हर्षल


मखमलाबाद
२३ फेब्रुवारी २०२४

आप्पा,

हे पत्र तुम्ही वाचत असाल तर तुमच्या हातात आहे, एवढ्याने मला बरं वाटतंय. कसं लिहू ते कळत नाही, झालं तसंच सांगतो.

मंगळवारी मी परत नांदगावला होतो. रेल्वे फाटकापाशी भजी चांगली मिळतात म्हणून आम्ही टेम्पो थांबवला. तेवढ्यात मनीषाताईचा फोन आला. माझी थोरली बहीण, तिला नांदगावलाच दिलंय. ती रडत होती. म्हणाली, सावळीरामआप्पा गेले, भागुबाई आत्याने स्वतः फोन केला.

मी भजी कागदात तशीच ठेवली. तुम्हाला मी कधी बघितलं नाही. पण मला आधी काय आठवलं असेल, तर 'दणकून मर, अर्धवट नको'. ते माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. मी आणि ताई एसटीत बसलो. शेजारी एक म्हातारी पिशवीत कोंबडी घेऊन बसली होती. मला रडताना बघून तिने कोंबडी दुसऱ्या बाजूला घेतली.

घरी पोचलो तर अंगण भरलेलं. विंचूरहून तुमचे मेहुणे कांद्याचा लिलाव सोडून आलेले. बायका आत्याभोवती बसलेल्या आणि मधे आत्या, सगळ्यांत मोठ्याने. माझे वडील भिंतीला टेकून बसले होते. मी तिच्या पायाशी बसलो आणि मला काही आवरेना. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं, मग आकाशाकडे बघितलं, दिवस कुठं आलाय ते. आणि उठली. न्हाणीत गेली, अंघोळ केली, केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "रवा कोण भाजतंय?"

बायकांचे पदर डोळ्यांपाशीच थांबले. मग तिने सांगितलं. "सावळ्या जिता हाय. आता तिकडं त्याचं आपरेशन करणार हायेत. त्याच्या आत तुम्ही रडायला पायजे होतं. रडलात, लय उपकार झाले. शिरा खाऊन जावा."

विंचूरचे मेहुणे असे भडकले की काय सांगू. भागुबाई, हा काय पोरखेळ आहे, माझा माल अर्ध्या भावात गेला असेल. आत्या म्हणाली, दाजी, तुम्ही सगळ्यांत चांगलं रडलात. मग ते बसले. पहिला शिरा त्यांनीच घेतला.

मी तिला विचारलं, तुला कळलं कसं? मी तेच पत्र वाचलं, मला नाही कळलं. म्हणाली, "उपाशीपोटी, अंगठी काढून, पोरगी सहीला घेऊन कोण सिनेमात जातं? माझ्या डोळ्याचं आपरेशन झालं तवा मला हेच सांगितलं होतं." मग मला का नाही सांगितलंस? "सांगितलं असतं तर तू खोटं रडला असतास."

आप्पा, तुम्हाला वाटेल तिची खात्री होती. नव्हती. लोक गेल्यावर ती माझा मोबाइल मांडीवर घेऊन ओट्यावर बसली, उलटा धरून. तृप्तीताईचा नंबर वडिलांकडे होता, मी मेसेज टाकून ठेवला होता. फोन लाव म्हटलं तर नको म्हणाली, त्याने लपवलं तर मी विचारायचं नाही.

बुधवारी सकाळी तृप्तीताईकडून फोटो आला. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, ऑपरेशन झालं, डॅड ठीक आहेत. पण फोटो भलताच होता. तोंडात नळी, डोळे मिटलेले, रंग मेणासारखा. मनीषाताईने तोंडाला पदर लावला. आत्या म्हणाली, तोंड नको, हात दाखव. मोठा कर अजून. मी बोटांनी फोटो मोठा केला. उजवी मूठ चादरीवर होती, आणि अंगठा आत.

"झोपलाय," आत्या म्हणाली, आणि क्रेट अजून टेम्पोत का चढले नाहीत म्हणून मला बोलायला लागली.

हर्षल


बरबँक
२४ मार्च २०२४

चि. हर्षल,

अक्षर वाकडं आहे, पण आक्काला दाखव, हात चालतो आहे.

तुझी दोन्ही पत्रं मला हॉस्पिटलमधून आल्यावर एकदम मिळाली. आधी पहिलं उघडलं. 'या वेळी दणकून मर, अर्धवट नको.' मी असा हसलो की टाके दुखले आणि तृप्ती आतून धावत आली. तिला त्याचं इंग्रजी करून सांगितलं, तर ती म्हणाली, डॅड, तुझी बहीण भयंकर आहे. मग दुसरं पत्र वाचून दाखवलं. ते संपल्यावर ती जवळ आली. माझा उजवा हात उचलून बघत बसली. तिला अंगठ्याचं माहीत नव्हतं. आणि त्या दिवशी मी तो मुद्दाम मुडपला नव्हता रे, मला शुद्ध कुठं होती. आपला आपणच गेला.

आक्काला सांग, भूमिका म्हणून लिहिलं ते तिला फसवायला नाही. मला स्वतःलाच तसं समजून गेल्याशिवाय त्या टेबलावर चढता आलं नसतं. पडणं मला चांगलं जमतं, उठायची सवय नव्हती. विंचूरच्या दाजींना माझा नमस्कार. मेहुणा माझ्यासाठी लिलाव सोडेल असं वाटलं नव्हतं.

मालिकेचे लोक खरंच थांबलेत. जूनमध्ये कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं आहे. कागदावर एका ठिकाणी नुसतं लिहिलंय, 'दामोदर त्याच्या भाषेत काहीतरी बोलतो.' लेखिकेला विचारलं, काय बोलू? म्हणाली, तुमच्या मनाला येईल ते. मी इतकी वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलत आलो. मनाला काही येईना. आक्काला विचारशील का, फुलांपाशी उभं राहून माणूस काय बोलतो?

आणि तिला विचार, मी या वेळी जगलो तर चालेल का.

सावळीराम


मखमलाबाद
४ नोव्हेंबर २०२४

आप्पांना नमस्कार.

मागच्या पत्राला मी उत्तरच पाठवलं नाही, हे आज लक्षात आलं. लिहायला घेतलं होतं. आत्याला विचारलं, फुलांपाशी काय बोलतेस? म्हणाली, मी काय बोलते ते मला काय माहीत, काम करते मी. जगलो तर चालेल का, या दुसऱ्या प्रश्नाला तर ती उठूनच गेली. मग मी नांदेडला गेलो, ते चपलावाले आठवतात ना, त्यांच्याकडे पावसाळाभर राहिलो. गुलाबाचे डोळे भरायला शिकलो, म्हणजे साध्या खोडावर चांगल्या जातीचा डोळा बसवायचा. ते आता इथं करतोय. खुर्ची नाहीच आहे, पण पाठ दुखत नाही.

काल भाऊबीज होती. तुमचा पहिला भाग मोबाइलवर आला होता, मी तो टीव्हीला जोडला. वडील, मी, आणि मनीषाताई माहेरी आलेली. आत्या हात धुऊन, टॉवेल मांडीवर घेऊन बसली. टॉवेल रडायचा.

तुम्ही अर्धा भाग दिसलाच नाहीत. आत्या म्हणाली, आधीच मेला की काय. मग ती गल्ली आली आणि दुकानाचं शटर वर गेलं. आत्याने आधी तुमचे हात बघितले. तुम्ही हार गुंफत होता आणि अंगठा बाहेर होता, दोऱ्याला ताण देत. "गाठ उलटी मारतो अजून," ती म्हणाली. मग एक गोरा माणूस खिशात हात घालून दुकानात शिरला आणि तिने टॉवेल उचलला. मला पण वाटलं, आता गोळी घालतो. त्याने खिशातून कागद काढला आणि पत्ता विचारला.

आणि मग तुम्ही आतल्या बाजूला वळून ओरडलात, "हर्षल, पाणी मार, गप्पा नको मारू."

आप्पा, आतून कुणीच आलं नाही. म्हणजे तो हर्षल पण कुठंतरी भटकायला गेला असणार. मनीषाताई हसून हसून आडवी झाली. खाली इंग्रजीत पट्टी आली, 'हिंदीत बोलतो'. ती मी आत्याला वाचून दाखवली आणि ती जाम चिडली. "हिंदी कुठं हाय ती? माझं बोलणं हाय ते."

शेवटी तुम्ही शटर ओढलंत, कुलूप लावलंत आणि गल्लीतून चालत गेलात. नावं यायला लागली. सॅम विडाल आलं, आणि समोर दामोदर. मी बोट ठेवून दाखवलं. आत्या तशीच बसून राहिली.

"संपलं?"

संपलं, म्हटलं.

"मेला नाय?"

नाही मेले.

तिने टॉवेलाची घडी घातली. मग उठून तबक घेतलं. मी अंगणाचं दार उघडलं, पश्चिमेला चंद्राची बारीक कोर दिसत होती, पण ती म्हणाली, त्याला राहू दे, मागं घे ते, सावळ्या शटर उघडतो तिथं. मी चित्र मागे नेऊन थांबवलं. तिने टीव्हीला कुंकू लावलं, आमच्या टीव्हीच्या काचेवर ते अजून आहे, आणि तुम्हाला ओवाळलं. तुम्ही अर्ध्या उघड्या शटरमधून वाकून बघत होता, बरोबर तिच्याकडे.

मग मला म्हणाली, मागच्या वेळी ज्यांना ज्यांना बोलावलं होतं त्या सगळ्यांना फोन लाव. काय सांगू? "सांग, सावळ्या मेला नाय." मी एकेकाला लावला. विंचूरच्या मेहुण्यांना म्हटलं, सावळीरामआप्पा जिवंत आहेत. त्यांनी घरातल्यांना टीव्हीचा आवाज कमी करायला लावला. मग म्हणाले, मला फसवू नको, आधी सांग, या वेळी यायचं आहे का नाही?

या म्हटलं, शिरा आहे.

तुमच्या त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आत्याने आज सकाळी दिलं, गुलाबाला पाणी घालता घालता. पुढच्या भागात तुम्हाला कुणी मरायला सांगितलं तर सरळ फलक घ्यायचा आणि दाराशी जाऊन संप करायचा.

हर्षल